तट्ट्याआडून

झारा खांद्यावर टाकून, डोक्याला पांढरा पंचा आवळून भैय्याजी आचारी सकाळी सकाळी बौद्ध मोहल्ल्यात शिरला, अन् विहिरीवर पाणी ओढणाऱ्या बायांचे दोर जागच्या जागी थांबले.

थांबणारच ना! सानगडीपासून साकोलीपर्यंत ज्याला विचारल्याशिवाय लग्नाची तारीख निघत नव्हती असा हा आचारी. पण साठीला आला तरी या मोहल्ल्यात त्यानं कधी पाय ठेवला नव्हता. यायचा तो चिंचेच्या झाडापर्यंत. तिथं उभा राहून हाक मारायचा, "मंगरूऽऽ, परवा एकोडीचं लगन हाय!" आतून "हाव जी" आलं की आल्या पावली परत. सतरा वर्षं असंच चाललं. आता मंगरूला जाऊन बारा दिवस झाले होते, अन् हाक मारायला कुणी उरलं नाही तेव्हा हा माणूस चिंच ओलांडून आत आला.

ओट्यावर डोमा म्हातारा विडी ओढत बसला होता. त्याची जीभ म्हणजे दाताळी, दिसेल ते ओढणार.

"काय महाराज, बंदूक खांद्यावर घेऊन कोनत्या लढाईवर?"

"मंगरूच्या घरी जाऊन राहिलो, डोमाजी."

"घर चुकले वाटते तुमी. तुमची हद्द तं चिंचेपावतर."

भैय्याजीनं झारा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. डोमानं धूर सोडला अन् विडीनंच दाखवलं, "ते बा, निळ्या दाराचं. एवढे वर्सं हाका मारल्या, घर तं पाहून घ्या."

निळ्या दारासमोर मोठं सारवलेलं अंगण होतं. कडेला मंगरूचा पोरगा धनीराम कुदळीनं चर खोदत होता. आज मंगरूचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. तीनशे माणूस जेवणार, त्या स्वयंपाकासाठी चर. मंगरूची बायको बायजाबाई उंबऱ्यावर सुपात तांदूळ पाखडत होती. भैय्याजीला पाहून तिनं पदर सावरला, पण सूप थांबवलं नाही.

"वैनी, आजचा सैपाक मी करतो."

"पोट्टे करतेत जी. तुमी पाहुणे. बसा."

"तीनशे मानूस हाय, वैनी. पोट्ट्यायले अंदाज नाही येनार."

"नाही आला तं नाही आला. घरचेच मानसं हायेत."

झालं. झारा खांद्यावरच राहिला. भैय्याजी धनीरामच्या चराकडं बघत उभा, अन् बघता बघता त्याच्या लक्षात आलं की चर आखूड आहे. अगदी गंजाखालीच, म्हणजे मोठ्या पातेल्याखालीच, तोंड. मंगरूचा चर असा कधीच नसायचा.

मंगरूचा चर म्हणजे काय चीज होती, ते आधी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही.

मंगरू मिलिटरीत लांगरी होता. लांगरी म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी. पंधरा वर्षं त्यानं दोन-दोनशे जवानांना खाऊ घातलं. लेहला होता, तिकडं आसामच्या बाजूला होता, पासष्टच्या लढाईत ट्रकच्या मागं चूल बांधून त्यानं चालत्या गाडीत चहा केला होता म्हणे. तो सांगायचा, "तिकडं उंचावर पानी लवकर उकळते जी, पन दाळ काही शिजत नाही. मानूस धोका खाते. वाटते झालं, अन् झालं काहीच नसते." पंजाबी, मद्रासी, मराठे, सगळे एका रांगेत थाळी घेऊन उभे राहायचे. मोठा साहेबसुद्धा त्याच्याच हातचं खायचा.

अडुसष्ट साली पेन्शन घेऊन गावी आला. अंगात हुन्नर, ट्रंकेत मेडल. सानगडीच्या बाजारात त्यानं भज्यांची कढई मांडली. वास असा सुटला की माणसं बैलाचा सौदा टाकून आली. आली, अन् कुणाचं दुकान म्हणून एकमेकांना विचारलं, अन् पांगली. संध्याकाळपर्यंत एक भजं विकलं गेलं नाही. मंगरूनं कढई उलटी करून डोक्यावर घेतली, भजी फडक्यात बांधली अन् घरी येऊन मोहल्ल्यातल्या पोरांना वाटली. पुन्हा त्या कढईचं नाव काढलं नाही.

पण पोट होतं ना. धनीराम होता, तुळसा होती, म्हातारी माय होती. मग त्यानं कुदळ घेतली. लग्नाच्या स्वयंपाकाचा चर खोदायला लागला. मातीला काय विटाळ! माती कुणीही खोदावी. आत चुलीला शिवणं नको, एवढंच. म्हणून गड्यानं डोकं लढवलं. चर सरळ बारा हात लांब न्यायचा. वर गंज बसायचे ते मांडवात, बांबूच्या तट्ट्यांच्या आत, अन् चराचं तोंड निघायचं तट्ट्याच्या बाहेर. मंगरू बाहेर बसून लाकूड सारायचा, आच आतमध्ये बरोबर गंजाच्या बुडाखाली पोचायची. धूर नाही, लाकूड निम्मं लागायचं. लोक म्हणायचे, वा! मिलिटरीची पद्धत! मिलिटरीत असा चर कुणी कधी पाह्यला नव्हता. तो चर आपल्या गावासाठी काढलेला होता.

अन् आत कोण? तर भैय्याजी. तेव्हा हा भैय्याजी पन्नास माणसांचा आचारी, पाचशेची पंगत म्हटली की टाळायचा. एकोणसत्तर सालची गोष्ट. पहिलंच मोठं लग्न, फोडणीत कांदा टाकला अन् हा तांदळाकडं धावला. तेवढ्यात तट्ट्याआडून हळूच आवाज आला.

"कांदा जळून राहिला जी."

भैय्याजी दचकला. झाऱ्यानं कांदा हलवला. पुन्हा आवाज.

"आता पानी नोका टाकू. तेल सुटू द्या."

त्यानं ऐकलं. का ऐकलं कोण जाणे. जीव बुडत असला की माणूस दोर कुणी फेकला ते बघत नाही. त्या दिवशी पाचशे माणसांनी बोटं चाटली, अन् भैय्याजीचं नाव झालं. मग पुढची सगळी लग्नं तशीच. आत हात भैय्याजीचा, बाहेरून नाक मंगरूचं. दिसायचं तर काही नाही त्याला, नुसत्या वासावर सांगायचा. "हळद कच्ची हाय अजून." "मीठ पडलं नाही जी." "भात पसवा आता, नाहीतं गोळा होईन." भैय्याजी लोकांना सांगायचा, माझ्या चुलीजवळ कुणी यायचं नाही, नजर लागते. लोकांना वाटायचं, मोठा कडक महाराज. अन् कामं आटोपली की दोघं तट्ट्याच्या दोन बाजूंना पाठ लावून विडी ओढायचे. मधे बांबूच्या चिरा. इकडचा धूर तिकडं, तिकडचा इकडं.

दुपारचं ऊन चढेपर्यंत अंगणात माणसं जमायला लागली होती. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे. धनीरामनं चर सोडून सतरंज्या अंथरल्या. भैय्याजी अजून तिथंच. झारा त्यानं भिंतीला टेकवला होता. बायजाबाई निवडलेला तांदूळ घेऊन आत निघाली तसा तो आडवा आला.

"वैनी, मंग मी बोलतो. सभेत."

"बोला ना. सगळेच बोलनार हायेत."

"तसं नाही. सगळं सांगतो. सानगडीच्या शामरावच्या बहिनीचं लगन. हात माहा नव्हता, त्याचा होता. सांगून टाकतो आज माइकवर."

बायजाबाईनं सूप खाली ठेवलं.

एकोणऐंशीचा फाल्गुन होता तो. सानगडीच्या गोदावरीबाईंच्या, म्हणजे शामरावच्या आईच्या घरी शेवटच्या पोरीचं, निर्मलाचं लग्न. सहाशेची बारात. भैय्याजीला भर दुपारी हिवताप भरला. दात वाजायला लागले, झारा हातातून गळून पडला. तो तांदळाच्या पोत्यांवर आडवा झाला अन् तट्ट्याकडं बघून एवढंच म्हणाला, "मंगरू, इज्जत गेली." तट्ट्याचा खालचा कोपरा उचलला गेला. मंगरू वाकून आत आला. सतरा वर्षांत तेवढ्याच एका दिवशी. पाय धुतले, हात धुतले, सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या अन् एक शब्द न बोलता फोडणीला बसला. भैय्याजी घोंगडी पांघरून दारात बसला, वाढणाऱ्यांना तिथूनच गंज सरकवून देत राहिला. आलू-वांग्याची भाजी, वरण, भात, कढी. सहाशे माणूस जेवलं. बारातीनं नावं विचारली आचाऱ्याची. शामरावनं दुसऱ्या दिवशी भैय्याजीला शाल दिली.

हे एवढंच असतं तर भैय्याजी कदाचित सतरंजीवर गुपचूप बसला असता. पण अजून थोडं होतं, अन् ते त्याच्याशिवाय जिवंत कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटची पंगत उठली तेव्हा मंगरूनं एक पत्रावळ वाढून, वरून दुसऱ्या पत्रावळीनं झाकून त्याच्यासमोर ठेवली होती. "खाऊन घ्या जी. ताप उतरन." भैय्याजी म्हणाला, "तोंडाले चव नाही रे." मंगरू म्हणाला, "हाव, तापात तसंच होते." सकाळी ताप उतरला. खडखडीत उतरला. त्याला अशी भूक लागली होती की पोत्यातले कच्चे पोहे खावे. मंगरूनं उरलेली भाजी द्रोणात काढून पुढं धरली अन् म्हणाला, "चव घेऊन पाहा ना जी जराशी. पंधरा वर्सं मिलिटरीत केली, आपल्या इकडच्या लोकायसाठी पहिल्यांदा केली. कशी झाली सांगा." भैय्याजीनं द्रोणाकडं पाहिलं. म्हणाला, "चांगलीच झाली असन." अन् तो गंज घासायला घेतला.

असन! सहाशे माणसांनी ती भाजी न कळता खाल्ली. ज्याला कळलं होतं त्यानं तेवढी नाही खाल्ली.

"तुमच्या पोटातलं ओझं उतरन जी," बायजाबाई म्हणाली. आवाज अगदी बारीक, धनीरामला ऐकू जाऊ नये असा. "अन् मंग?"

"मंग काय?"

"मंग धनीरामले चर खोदाले कोन बोलावन? आज आंगनात येऊ देतेत, कुदळ घेऊन येते म्हनून. उद्या म्हनतीन याच्या बापानं आमाले बाटवलं. तुमाले काय, तुमी चिंचेखाली उभे राहान. घर तं आमचं हाय इथं."

भैय्याजी खाली बघत राहिला. त्याच्या पायाजवळ धनीरामनं खोदलेल्या मातीचा ढिगारा होता. त्यातलं एक ढेकूळ तो अंगठ्यानं फोडत बसला.

"त्यायनं मले सांगतलं होतं," ती म्हणाली, अन् तिचा चेहरा जरासा सैल पडला. "घरी आले तं गजब खुश होते. म्हने, बायजे, सहाशे लोकं जेवले माह्या हातचे, अन् एकानं नाव नाही ठेवलं. दोन दिवस गाने म्हनत होते."

"अजून काही सांगतलं?"

"अजून काय?"

"नाही... माह्याबद्दल काही."

बायजाबाईनं आठवून पाहिलं. "म्हने भैय्याजीले गजब ताप होता, पन शेवटपर्यंत दारातून उठला नाही बिचारा."

ती सूप उचलून आत गेली. भैय्याजीनं डोक्याचा पंचा सोडून तोंड पुसलं, मान पुसली, पुन्हा तोंड पुसलं. थंडीचे दिवस, घाम कुठला येणार!

सभा सुरू झाली. फोटोंसमोर मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली. वरच्या आळीतली दहा-बारा माणसं आली होती, त्यांना शाळेतून आणलेल्या खुर्च्या. सानगडीहून गोदावरीबाई आली होती, दमणी जुंपून. सत्तरीची बाई, नाकात टपोरी नथ, तिच्या चारही लेकरांच्या लग्नात चर मंगरूनंच खोदला होता. तिच्या हातात चहाचा कप दिला होता. तो तसाच मांडीवर होता, सायीनं झाकलेला.

तुळसा बोलली. ती आता लाखनीला शाळेत शिकवते. म्हणाली, बाबा मला दहा मैल सायकलवर मॅट्रिकच्या परीक्षेला घेऊन जायचे, अन् पेपर सुटेपर्यंत शाळेच्या फाटकाबाहेर उभे राहायचे, सावधानमध्ये. सगळे हसले, ती पण हसली, मग तिला पुढं बोलता येईना. डोमा म्हातारा बोलला, त्यानं मंगरूला विडीच्या सात पुड्यांचा देणेकरी ठरवून माफ करून टाकलं. मग धनीरामनं माइक पुढं केला अन् म्हणाला, "भैय्याजी काका."

खुर्च्यांवरच्या माना वळल्या. भैय्याजी उठला. माइक हातात घेतला. दाराच्या चौकटीला धरून बायजाबाई उभी होती.

"मंगरू..." तो म्हणाला. भोंगा किंचाळला. त्यानं माइक लांब धरला. "मंगरू चर चांगला खोदे."

मग थांबला. सगळे वाट बघत राहिले.

"बारा हाताचा. इकडच्या तोंडाले दीड हात खोल, तिकडं गंजाखाली वीतभर. म्हनजे आच वर चढते. तोंड वाऱ्याच्या समोर नाही ठेवाचं, तिरपं ठेवाचं. फागुनात वारा कुठून येते, वैशाखात कुठून येते, सगळं त्याले पाठ. पहिले मोहाचं लाकूड लावे, मंग येनाचं. भात पसवला का दोन लाकडं बाहेर ओढून घे. सांगा लागत नव्हतं. अन् चराच्या भिंतीले ओली माती चोपडे, हातानं, अशी..."

तो हातानं दाखवायला लागला. माइक बाजूला गेला, आवाज येईना, तरी तो बोलतच होता. गंज कसा बसवायचा, दोन गंजांमध्ये किती जागा, राख कधी काढायची. पोट्टे एकमेकांना ढोसायला लागले. एक लहान लेकरू रडायला लागलं. भैय्याजी आपला चोपडतोय माती, हवेतल्या हवेत.

"महाराज," डोमा सतरंजीवरून ओरडला, "आता बुजवा तो चर! पोटात कावळे बोंबलून राहिले!"

हशा झाला. भैय्याजी पण हसल्यासारखा झाला. माइक धनीरामच्या हातात दिला अन् जागेवर जाऊन बसला. चौकटीतून बायजाबाई आत निघून गेली होती.

"पंगत बसते हो!" अशी आरोळी झाली अन् खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या. कुणाचा उपास होता. कुणाचे गडी शेतात थांबले होते. कुणाला भंडाऱ्याची गाडी धरायची होती. कुणी वाईट बोललं नाही, सगळे हात जोडून, "चांगला मानूस होता" म्हणून गेले. गोदावरीबाईनं कप ओट्यावर ठेवला अन् काठी टेकत चिंचेकडं निघाली. तिचा गाडीवान बैलांना पाणी पाजायला तळ्यावर गेला होता.

"भैय्याजी, इकडं ये रे. दमनीत चढव मले."

त्यानं तिला हात देऊन चढवलं. ती गादीवर टेकली, पाय आखडून घेतले.

"चराचं गजब सांगतलंस."

"मालूम होतं तेवढं सांगतलं, काकी."

"मालूम होतं तेवढं?" तिनं त्याच्याकडं निरखून पाहिलं, मग तळ्याच्या वाटेकडं. गाडीवान अजून लांब होता. "आमच्या निर्मलाच्या लग्नातली भाजी तुही नव्हती."

भैय्याजीचा हात दमणीच्या चाकावर होता. तो तिथंच राहिला.

"तू खोबरं टाकतोस पायलीभर. लोकायले खुश कराले. त्या भाजीत खोबरं नव्हतंच. निस्तं वांगं, जसं आत्ताच झाडावरून तोडलं. मी पन्नास वर्सं चुलीपाशी काढले बाप्पा, मले दुसऱ्याचा हात समजत नाही का? अन् तट्ट्याच्या बाहेर चराजवळ कोनीच नव्हतं त्या दिवशी. पाहून आली होती मी."

"तुमाले तवाच मालूम होतं?"

"पहिल्या घासाले."

"मंग... उठल्या काहून नाही?"

"उठू कायले?" म्हातारीनं पदर तोंडाशी घेतला. "दोनदा मागून घेतली मी. अन् कोनाले बोलशीन तं पाहा. शामराव जीव घेईन माहा."

ती हसत होती! पदराआड, आवाज न करता, खांदे हलवत, एखाद्या पोरीसारखी. ज्या ओझ्यानं त्याला बारा दिवस झोप नव्हती ते या बाईनं सात वर्षं कनवटीला लावलेल्या सुपारीसारखं सांभाळलं होतं.

मग ती हसायची थांबली. पुढं वाकली.

"सात वर्सं झाले, कोनापाशी त्या भाजीचं बोलताच नाही आलं रे. पोटात ठेवून ठेवून कटाळली. आता मंगरू गेला, तवा एक तू अन् एक मी." तिचे डोळे चमकत होते. "तुले कशी लागली होती? सांग ना. मागून थोडीशी तिखट लागे, नाही का?"

तळ्याकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज यायला लागला.

"हाव" म्हणायला काय लागत होतं? मान हलवली असती तरी पुरे होतं. म्हातारी खुश होऊन गेली असती. चाकाच्या आऱ्यावर वाळलेला चिखल होता, तो भैय्याजीनं नखानं खरवडला.

"मी नाही खाल्ली, काकी."

"आँ?"

"मले वाढली होती त्यानं. मी नाही खाल्ली."

गोदावरीबाई त्याच्याकडं बघत राहिली. रागानं नाही. एखाद्याच्या घरी मयत झाल्याचं उशिरा कळावं तसं. गाडीवान आला, त्यानं जू उचललं, बैल जुंपले, कासरा हातात घेतला. तोवर ती तशीच.

"अभागी रे बाप्पा," ती हळूच म्हणाली. अन् गाडीवानाला, "चाल."

दमणी वळली. धूळ उडाली, चिंचेच्या बुंध्याशी जराशी घुटमळली अन् बसली. भैय्याजी त्याच्या ओळखीच्या जागेवर उभा होता. समोरची वाट त्याच्या घराकडं जात होती. बायको वाट बघत असणार, झारा घेऊन कुठं गेला म्हणून. तो बराच वेळ त्या वाटेकडं बघत राहिला.

अंगणात पंगत अर्धी झाली होती. भैय्याजी आला, चपला काढल्या अन् रांगेच्या शेवटी, जिथं सतरंजी संपून नुसती जमीन होती, तिथं मांडी घालून बसला. त्याच्या शेजारचा पोट्टा त्याच्याकडं बघत खायचा थांबला. पलीकडून डोमानं पाहिलं. एवढा बोलका माणूस, पण गप्प राहिला.

धनीराम भाजीची बादली घेऊन ओळीनं येत होता. भैय्याजीसमोर आला अन् डाव हातात घेऊन तसाच उभा राहिला. त्यानं वळून दाराकडं पाहिलं, आई दिसते का. आई दारात होती.

"काका, भाजी बुडाले लागली जराशी," तो म्हणाला. "आच सांभाळता नाही आली. वास येऊन राहिला करपल्याचा. तुमाले नाही आवडाची."

भैय्याजीनं पत्रावळ दोन्ही हातांनी उचलून पुढं धरली.

"वाढ," तो म्हणाला.